पोत : मणी आणि दोरा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजेरजवाड्यांच्या सनावळ्या उभ्या राहतात. आम्ही कॉलेजात तेच शिकवतो आणि परीक्षेत तेच विचारतो. आज मला ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे, तिची सनावळ कोणी पाठ केलेली नाही. आणि ती वस्तू तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आत्ता या घटकेला आहे. तुमच्या आईच्या, बहिणीच्या, सुनेच्या गळ्यात पाहा. काळ्या मण्यांची पोत.

वऱ्हाडात आपण मंगळसूत्राला सर्रास पोतच म्हणतो. कोणी डोरले म्हणतो, जुन्या बायका गाठले किंवा गरसोळी म्हणत. पण पोत हा शब्द मुळात माळेचा नव्हे, काचेच्या बारीक मण्याचा आहे. सुया, दाभण, बिब्बे आणि पोत विकायला वैदूंच्या बायका दारोदार यायच्या, तेव्हा त्या पोत विकायच्या म्हणजे मंगळसूत्रे विकत नसत. मण्यांच्या लडी विकत. माळ घरची बाई स्वतः ओवायची. मण्याचे नाव माळेला लागले आणि मग माळेचे नाव सौभाग्याला लागले, असा या शब्दाचा प्रवास दिसतो.

माझी आजी पोत ओवून देत असे. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आमचे गाव. विहिरीचे पाणी खारे, पण कापूस चांगला. गावात पटवेकरी नव्हता. तालुक्याला जायचे तर दिवस मोडायचा. म्हणून लग्नसराईच्या आधी आणि महालक्ष्म्यांच्या आधी बायका आजीकडे येत. एका रुमालात सोन्याचे चार मणी आणि दोन वाट्या बांधलेल्या, दुसऱ्या पुडीत काळे मणी. आजी ते मणी पितळी ताटलीत ओतायची, ताटली जराशी तिरकी धरायची आणि बोटाने हलवायची. सारख्या आकाराचे गोल मणी घरंगळत खाली यायचे. चपटे, तुटके, दोन मणी एकमेकांना चिकटलेले असे जे असतील ते वरच अडून राहायचे. मणी निवडण्याची ती तिची चाळणी. मी लहानपणी तासन् तास ते पाहत बसे.

मण्यांकडे ती फारसे लक्ष देत नसे. तिचे सारे लक्ष दोऱ्याकडे. दोरा हातात घेऊन ओढून पाहायची, उजेडाकडे धरायची, मेणाच्या गोळीवरून तीनतीनदा फिरवायची. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "मन्याले सारेच पाह्यतेत लेकरा. दोऱ्याले कोन पाह्यते?"

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर मला कळले की आजीचा हा प्रश्न पुराणवस्तुशास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. जमिनीतून मणी लाखांनी निघतात. दगड कुजत नाही, काच सहसा कुजत नाही. दोरा मात्र दोनचार पावसाळ्यांत मातीमोल होतो. त्यामुळे संग्रहालयात आपण ज्या प्राचीन माळा पाहतो त्या बहुधा आजच्या माणसाने, आजच्या दोऱ्यात, अंदाजाने ओवलेल्या असतात. मणी खरे, माळ मात्र आपली.

याला अपवाद आहेत, आणि त्यांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रातले आहेत. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरीमुळे ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. त्या काळी लहान मूल दगावले तर त्याला घराच्या जमिनीखालीच, मातीच्या रांजणात पुरण्याची रीत होती. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या मण्यांत दोरा शिल्लक होता! तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार आजूबाजूला झिरपतात, आणि त्या क्षारांपुढे बुरशी व जंतू टिकाव धरत नाहीत. म्हणून मण्याच्या भोकात दडलेला तेवढा दोरा वाचला. तज्ज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तो रेशमाचा निघाला, आणि त्यात कापसाच्या तंतूचा गुंताही आढळला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली येथेही अशीच तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा दोरा जवसाच्या तागाचा, म्हणजे ज्याला आपण लिनन म्हणतो त्याचा होता.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात जरूर सांगावे. आपल्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. त्याच्या काडीचा दोरा होतो ही गोष्ट आपण विसरलो आहोत. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठच्या कोणा बाईला ती ठाऊक होती. त्या काळचा राजा कोण होता, ते आपल्याला ठाऊक नाही. राज्य होते की नाही तेही ठाऊक नाही. पण एका आईने, किंवा आजीने म्हणा, मुलाच्या गळ्यात घालायला कोणता दोरा निवडला ते मात्र आपण खात्रीने सांगू शकतो. इतिहास कधीकधी असा उलटा चालतो.

रेशीम म्हटले की ते चीनमधून आले असे आपण धरून चालतो. पण सिंधू संस्कृतीतील हडप्पा आणि चन्हूदडो येथील दागिन्यांत व मण्यांत अडकलेले तंतू अलीकडे, २००९ च्या सुमारास, तपासले गेले, तेव्हा ते रानटी रेशीमकिड्यांचे असल्याचे दिसले. त्यांचा काळ चार हजार वर्षांहून मागचा. रानटी रेशीम आपल्याला परके नाही. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे वाढवणारे लोक आजही आहेत.

आता मण्यांकडे वळू.

माणसाने मणी केव्हा केले? फार पूर्वी. शेती नव्हती, मडके नव्हते, तेव्हाही मणी होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे, पाटणादेवीच्या परिसरातले. तिथे श्री. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. होय, त्या काळी आपल्या भागात शहामृग हिंडत होते. कवचाचा तुकडा घ्यायचा, गारगोटीच्या टोकाने मधोमध भोक पाडायचे, मग कडा घासून तो गोल करायचा. एकेका मण्यामागे किती वेळ गेला असेल त्याचा विचार करा. पोट भरण्याची भ्रांत असणाऱ्या माणसांनी तो वेळ काढला.

विदर्भाचे नाव मण्यांच्या इतिहासात मोठे आहे, ते माहुरझरीमुळे. नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्याच्या बाजूला, हे छोटेसे गाव. आसपास दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. लोहयुगातील लोकांनी आपल्या मृतांसाठी केलेली ही स्मारके. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात तिथे उत्खनन केले, आणि या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजच्या डॉ. मोहंती यांनी पुन्हा केले. तिथे अकीक, गोमेद, स्फटिक, सूर्यकांत अशा दगडांचे तयार मणी तर मिळालेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेले, घासता घासता टाकून दिलेले मणी आणि दगडाचे छिलके मिळाले. तयार मणी बाहेरूनही आणलेला असू शकतो. फुटका मणी कोणी दुरून विकत आणत नाही. जिथे टाकाऊ माल आहे तिथेच कारखाना होता.

आणि कच्चा माल? तो आपल्या पायाखाली आहे. वऱ्हाडची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणातून झाली, तो एके काळी तप्त लाव्हा होता. तो निवताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गारेचे द्रव्य थरावर थर साचले आणि अकीक तयार झाले. पाषाण झिजून माती झाली, पण गारगोटी झिजली नाही. ती नांगराच्या फाळाला लागते. शेतकरी ती उचलून बांधावर फेकतो. कधी तरी एखादी फोडून उजेडात धरून पाहा. आत वर्तुळावर वर्तुळे दिसतील.

या दगडाचा मणी कसा करतात ते गुजरातेत खंबायतला आजही पाहता येते. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणाच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर तापवतात. दगडातल्या लोहाच्या अंशामुळे फिकट पिवळा दगड तापून लालबुंद होतो. मग टिचक्या मारून तो घडवायचा, घासायचा, आणि शेवटी सामत्याने भोक पाडायचे. भोक एका बाजूने आरपार पाडत नाहीत, तसे केले तर दुसऱ्या तोंडाला मणी फुटतो. निम्मे इकडून, निम्मे तिकडून. म्हणून जुन्या मण्याच्या भोकात मधोमध एक बारीकशी पायरी आढळते. दोन्ही भोके अगदी समोरासमोर आली नाहीत याची ती खूण. लाल दगडावर पांढरी नक्षी काढण्याचीही एक रीत होती. सिंधमध्ये सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून मॅके या संशोधकाने ती समजून घेतली. करीराच्या कोवळ्या फांद्यांच्या रसात धुण्याचा सोडा कालवून त्याने मण्यावर रेघा ओढायच्या आणि मणी विस्तवात धरायचा. सोड्याने दगडाचा वरचा थर पांढरा होऊन कायमचा तसाच राहतो. असे नक्षीचे मणी विदर्भातल्या शिलावर्तुळांतही मिळाले आहेत.

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण तिथे जत्रेला जातो. त्या गावच्या पांढरीच्या टेकाडातही प्राचीन मणी मिळाले आहेत. तिथले उत्खनन १९६० नंतरच्या काही वर्षांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. हा मनुष्य मण्यांच्या मागे आयुष्यभर लागलेला होता. नक्षीच्या मण्यांवर त्यांनी १९४९ साली पुस्तक लिहिले आणि भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. लोक ताम्रपट आणि नाणी शोधतात, दीक्षित चाळणीतले मणी मोजत. असे लोक कमी असतात, आणि त्यांची नावे पाठ्यपुस्तकात येत नाहीत म्हणून मुद्दाम सांगितले.

आता काच. आपल्या पोतीचा मणी काचेचा. काच म्हणजे वितळलेली वाळू. पण नुसती वाळू साध्या भट्टीत वितळत नाही, तिला सोडा लागतो. आणि सोड्याचे प्रचंड भांडार वऱ्हाडातच आहे: बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. आकाशातून पडलेल्या उल्केने झालेला तो खड्डा. अकबराच्या काळी, १५९० च्या दशकात, अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस तिथे निघतात आणि त्यांचे उत्पन्न मोठे आहे, असे तो सांगतो. दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला वऱ्हाडच्या खाऱ्या पाण्याची खबर होती ती अशी.

बारीक मणी एकेक करून घडवत बसत नाहीत. काचेचा वितळलेला गोळा पोकळ ठेवून त्याची लांबच लांब नळी ओढतात. नळी ओढली तरी भोक बुजत नाही, बारीक होत जाते. मग त्या नळीचे बारीक तुकडे करायचे आणि राखेत किंवा वाळूत घालून पुन्हा तापवायचे, की धारदार कडा गोल होतात. भारतात ही विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आंध्रात तिरुपतीजवळ पापानायडुपेट येथे ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत हे बारीक मणी जहाजांतून गेले.

मग आपल्या बाजारात विलायती मणी कुठून आले? ते रेल्वेने आले. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेचा रूळ १८६७ साली नागपूरला पोचला, आणि खामगावचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. कापसाच्या गाठी मुंबईला गेल्या. डबे रिकामे कशाला परत येतील? त्यांतून मँचेस्टरचे कापड आले, आणि त्याच्या जोडीने व्हेनिसचे आणि बोहेमियाचे मणी आले. त्या काळच्या आयातीच्या सरकारी तक्त्यांत काचेचे मणी आणि खोटे मोती यांचा निराळा रकाना असे. कापूस विकून हाती आलेल्या पैशात शेतकऱ्याने बायकोसाठी सारख्या आकाराचे, चकचकीत मणी घेतले, यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. पण गावठी काचेच्या मण्यांची गिऱ्हाइके गेली ती गेलीच. पुढे उत्तर प्रदेशातील बनारस आणि हाथरसजवळचे पुरदिलनगर इथे हा धंदा वाढला, आणि तिथले मणी देशोदेशी जाऊ लागले.

एक छोटा प्रयोग. काळा मणी खरोखर काळा असतो का? त्याचा पातळसा तुकडा भर उन्हात धरा. बहुधा तो जांभळा किंवा गर्द हिरवा दिसेल. मँगनीज फार झाले की काच जांभळी होते, लोखंड फार झाले की हिरवी. आणि रंग दाट झाला की डोळ्याला काळा वाटतो.

ओवण्याचे काम शहरात पटवेकऱ्याचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात पटव्यांवर स्वतंत्र लेख आहे. रेशमाचे गोफ, करगोटे, गोंडे आणि दागिन्यांचे दोरे करणारे हे लोक. सराफाच्या दुकानाच्या पायरीवर पटवेकरी बसायचा, दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून भराभर पीळ, गाठ, मणी असे चालायचे. पायाचा अंगठा हाच त्याचा खिळा.

आजीचीही रीत तीच, फक्त अंगठ्याऐवजी जात्याचा खुंटा. ज्यांना घरी करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. बारीक मणी दोन मिलिमीटरचा धरला तर एका सेंटिमीटरला पाच मणी बसतात. दीड फुटाची, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरची एक सर ओवायला सव्वादोनशे मणी, आणि दोन सरांना साडेचारशे. पंचवीसतीस मणी जादा घ्यावे. भोक बुजलेले निघतातच. दोरा लांबीच्या तिप्पट घ्यावा, दुहेरी करावा, पीळ भरावा आणि मेण लावावे. मेणाने दोन कामे होतात: घाम आणि तेल दोऱ्यात मुरत नाही, आणि मण्याच्या भोकाची कड दोऱ्याला कापत नाही. सुई भोकातून जात नसेल तर दोऱ्याचे टोक डिंकात बुडवून वाळवावे, तेच सुईचे काम करते. दर बोटभर अंतरावर एक साधी गाठ मारावी, म्हणजे पोत कधी तुटलीच तर सगळे मणी सांडत नाहीत. शेवटी दोन्ही सर वाटीच्या कडीतून एकत्र घेऊन मागे सरकगाठ. हल्ली मासे धरण्याच्या नायलॉनमध्ये ओवतात. तो कुजत नाही हे खरे; पण वजनाने हळूहळू लांबतो, मण्यांत फटी पडतात, आणि गाठ सुटते.

काचेचे मणी नसतील तर शाळेतील मुलांनी बियांच्या माळा कराव्यात. रानजोंधळा नावाचे गवत असते, त्याच्या टणक बीला निसर्गाने भोक पाडूनच ठेवलेले असते. गुंजा मात्र मुलांच्या हाती देऊ नये. गुंज दिसायला सुरेख आणि तोलायला सोनाराच्या कामाची, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. पण तिचे टरफल भेदले की आतले विष जिवावर बेतू शकते.

पोत पुन्हा ओवताना एक रीत पाळत. गळा रिकामा ठेवायचा नाही. तेवढ्या वेळापुरता साध्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायचे. आणि पोत तुटली असे तोंडाने म्हणायचे नाही, 'वाढली' म्हणायचे. ही हळकुंडाची रीत मला फार बोलकी वाटते. मंगळसूत्र या शब्दात सोने नाही, मणीही नाहीत. सूत्र आहे, दोरा आहे. आणि तोही शास्त्राने फार प्राचीन काळापासून सांगितलेला नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना सारी गृह्यसूत्रे चाळली. विवाहाचे इतके बारीक विधी सांगणाऱ्या त्या ग्रंथांत मंगळसूत्र बांधण्याचा विधी नाही, हे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. तो उल्लेख येतो नंतरच्या ग्रंथांत. म्हणजे पाणिग्रहण आणि सप्तपदी जुन्या, पोत त्या मानाने अलीकडची. मी हे एकदा एका खेड्यातल्या व्याख्यानात सांगितले, तर एक म्हातारे गृहस्थ रागावून उठून गेले. त्यांच्या रागाचे मला नवल वाटले नाही. ज्या वस्तूवर बाईचे सारे आयुष्य टांगलेले आहे, ती अनादी नाही असे ऐकणे सोपे नसते.

आता आजीचे एक सांगायचे राहिले. ती दुसऱ्यांच्या पोती ओवायची. तिच्या स्वतःच्या गळ्यात पोत नव्हती. १९५६ साली आजोबा गेले तेव्हा तिचे वय तिशीच्या आत होते. तिसऱ्या प्रहरी अंगणात बायका जमल्या, तिचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या आणि पोत ओढून तोडली. त्या वेळी 'वाढली' हा शब्द कोणी वापरला नाही. सोन्याचे मणी कोणी तरी वेचून सासूबाईंच्या हाती दिले. काळे मणी शेणाने सारवलेल्या अंगणात विखुरले. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे. काय चालले आहे ते न कळून ते ओणवे झाले आणि खेळातल्यासारखे एकेक मणी गोळा करू लागले. त्यांना कोणी अडवले नाही, कोणाचे लक्षच नव्हते. ते मणी त्यांनी चुन्याच्या डबीत ठेवले, आणि ती डबी आजीने पुढे चाळीस वर्षे सांभाळली.

त्या डबीतलेच मणी ती नातवंडांच्या मनगटाला बांधायची, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्याही मनगटात होते. गावच्या नवऱ्या मुलींच्या पोती ती माजघरात बसून ओवायची. शेवटची गाठ मात्र तिने मारायची नाही असा दंडक होता. सर तयार झाली की ती बाजूला सरकायची आणि कोणी तरी सवाष्ण पुढे येऊन गाठ मारायची. ती गाठ पुष्कळदा ढिली बसे. आजी बघायची आणि काही बोलायची नाही. नंतर ती मुलगी माहेरपणाला आली म्हणजे तिला मागच्या दारी बोलावून गाठ पक्की करून द्यायची. हे मला आत्याने सांगितले, आजी गेल्यानंतर.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला: पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. पुढे पुष्कळ गावांनी तसे ठराव केले. ठराव कागदावर होतो, अंगण मात्र गावाचे असते. त्या दिवशी अंगणात जमणाऱ्या बायकांपैकी एकीने जरी "राहू द्या" म्हटले, तरी तो ठराव तिथे पोचला असे मी मानतो. ग्रामसभेत बसणाऱ्या श्रोत्यांनी आपल्या गावाने असा ठराव केला आहे का, ते एकदा दप्तरात पाहावे. नसेल तर विषय मांडायला कोणाची हरकत असणार नाही.

चुन्याची ती डबी आता माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने ती उघडली आणि मणी ताटलीत ओतले. एकशे सदतीस भरले. बाराएक मणी कडेला फुटलेले होते. ते ताटली तिरकी केल्यावर वरच राहिले. राहिलेल्या मण्यांत मुलीच्या गळ्यापुरती सर होत नाही, हाताला दोन वेढे मात्र होतात. दुकानातून नायलॉन आणायला मी निघालो होतो. ती म्हणाली, नको, साधा कापसाचा दोरा द्या. मग घरात मेण शोधावे लागले.